सीटखाली सापडलेले देव

पावण्याच्या सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये त्या सोमवारी सकाळी चौदा गाड्या होत्या. तीन लिफ्टवर, दोन धुवायला, एक बॉनेट उघडून ठेवलेली आणि आठ भिंतीला पाठ लावून. पांढऱ्या सहा, करड्या पाच, निळ्या दोन, लाल एक. मागच्या काचेवर काही लिहिलेल्या गाड्या: शून्य. आरशाला काही टांगलेल्या: शून्य. डॅशबोर्डवर देव असलेल्या: शून्य.

क्षिप्राने वही दिनानाथ पेडणेकरांच्या टेबलावर ठेवली. "आणि हे समोरचं," ती म्हणाली.

समोर, गल्लीच्या पलीकडे, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करणारं गॅरेज होतं. तिथे अकरा गाड्या होत्या. नऊ जणींच्या काचेवर काहीतरी लिहिलेलं. कुठे 'आई एकविरा', कुठे 'बाबांचा आशीर्वाद', एकीवर नुसतंच 'पिंट्या'. देव दहा गाड्यांत. एकीत तर दोन.

"हे मोजायला कोणी सांगितलं तुला?" दिनानाथांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कोणी नाही, सर. फोन लागत नव्हते तोवर केलं."

क्षिप्रा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चार महिन्यांपूर्वी लागलेली. दिनानाथ इथे एकोणीस वर्षं. हेल्मर कंपनीने नवी मुंबईत पहिलं सेंटर काढलं, तेव्हा शेडचे पत्रे चढताना ते खाली उभे होते. आता दोन सेंटरं झाली होती आणि एकच ठेवायचं ठरलं होतं. मुख्य कचेरीने साठ जुन्या गिऱ्हाइकांची यादी पाठवली होती. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: पुढची गाडी पुन्हा हेल्मरच घ्याल का? साठात वीस 'होय' आले तर पावण्याचं सेंटर राहणार. नाहीतर पुढच्या महिनाअखेरीला कुलूप. नऊ मेकॅनिकना कुठे ना कुठे काम मिळालं असतं. छप्पन्न वर्षांच्या मॅनेजरला कोण विचारणार होतं?

पहिल्या आठवड्यात अडतीस जणांशी बोलणं झालं. होय सहा, नाही वीस, सांगता येत नाही बारा.

नाही म्हणणारे भांडले असते तर दिनानाथांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. पण भांडत कोणीच नव्हतं.

"गाडी चांगलीये हो," सानपाड्याच्या एका बँकवाल्याने स्पीकरवर सांगितलं. "सात वर्षांत एकदा बंद पडली नाही."

"मग पुन्हा घ्याल ना?"

"नाही, दुसरी बघतोय आता."

"काही कारण, साहेब?"

"कारण असं नाही. सहज."

हे 'सहज' दिनानाथ एकोणीस वर्षं ऐकत आले होते. गाडी गुणाची. उणं काढायला जागा नाही आणि कौतुक करावं असं कोणाच्या मनात येत नाही. लोक दुसऱ्या गाड्यांना नावं ठेवायचे, शिव्या घालायचे, आणि पुन्हा त्याच घ्यायचे. हेल्मरला शिवीसुद्धा मिळत नसे. त्यांच्या स्वतःच्या घरीही निराळं नव्हतं. गाडी मीनाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या नावावर होती, तरी मीना तिला 'ऑफिसची गाडी' म्हणायची. दसऱ्याला मोठा हार तिच्या स्कूटरला पडायचा. उरलेली दोन झेंडूची फुलं गाडीच्या वायपरमध्ये.

मंगळवारी ते क्षिप्राला घेऊन पावणे गावात गेले. यादीतले नामा म्हात्रे फोनवर बोलत नसत, समोर या म्हणत. एकेकाळी शेती होती, आता चाळी आणि गाळे होते. अंगणात ताडपत्रीखाली एक जुनी जीप उभी होती. चारी टायर बसलेले, बॉनेटवर मात्र ताजी फुलं.

"ही चालते?" क्षिप्राने विचारलं.

"सहा वर्सं झाली, नाय चालत," नामा म्हणाले. "घाटान चार येला बंद परली. चारी येला आमी धकलली. दोगं पोरं हिच्यानशी हॉस्पिटलातशी घरी आनली. हिला कोन इकनार?"

"आणि आमची?"

नामांनी फाटकापाशी उभ्या पांढऱ्या हेल्मरकडे पाहिलं. जावयाच्या मित्राकडे पाहावं तसं. "तुमची चांगली हाय. कंप्लेंट नाय."

"तिला आपली म्हणत नाही तुम्ही, नामाशेठ," दिनानाथ म्हणाले.

"पेडणेकर, ती तुमचीच हाय. आमी नुस्ती चालवतो."

नामांच्या पत्नी सुमित्राबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि पदर खोचून सरळ क्षिप्राशी बोलायला लागल्या.

"मी सांगतू तुला. नवी गारी आली तवा आई बसवली फुरं. तुर्भ्याच्या वलनावर परली. परत चिकटवली. गवरीच्या दिवशी परली. तिसऱ्या येला हात मोरला आईचा. मंग खारीत नेऊन इसर्जन केली. तवापासना मी मागंच बसतू. जिथं देव बसत नाय, तिथं मी कशाला बसू?"

"म्हातारी मागनं हुकूम सोरते," नामा म्हणाले. "आमी डायवर."

"डायवरच हाव तुमी."

चहा संपला. उत्तर 'नाही' असं लिहिलं गेलं.

परतल्यावर क्षिप्रा टेबलाशी आलीच नाही. मोबाइलचा टॉर्च लावून ती एकेका गाडीत वाकत होती. डॅशबोर्डवर उजेड आडवा धरला की टेपच्या जुन्या गोंदाचा चौकोन दिसत होता, फिकट, कडेने धूळ धरलेला. चौदा गाड्यांपैकी अकरांत असे चौकोन होते. चार गाड्यांत दोन-दोन.

"सर, यांनी देव बसवले होते. मग ते गेले कुठे?"

गाड्या धुणारा शिवराम नळ बंद करून ऐकत होता. साताऱ्याकडचा माणूस, विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

"माझ्याकडं हायत की," तो म्हणाला.

धुण्याच्या जागेमागे त्याचं लोखंडी कपाट होतं. खालच्या खणात स्वच्छ फडकं अंथरलेलं. त्यावर गणपती, देवी, साईबाबा, एक मारुती, एक इवलासा कृष्ण. एकूण तेवीस. बावीस जणांच्या पायाशी दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे.

"सीटखाली सापडत्यात. मालकाला फोन करायचो पयलं. म्हणायचे, ठेव, घेऊन जातो. कोण येत न्हाई. टाकून कसं द्यायचं? आठवड्याला पुसतो."

"मला का नाही सांगितलंस?" दिनानाथ म्हणाले.

"तुमी इच्यारलं न्हाई, साहेब."

दिनानाथांनी एक गणपती उचलला. तळाची टेप शाबूत होती. बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे, बोट सरकलं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली आणि नाकाशी नेली. लिंबाचा खोटा वास. तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

कंपनीच्या यादीत सर्व्हिसनंतर डॅशबोर्ड 'कोरड्या फडक्याने पुसणे' एवढंच होतं. पॉलिश त्यांचं. पहिल्याच वर्षी त्यांनी भिंतीवर पाटी लावली होती: गाडी मालकाला परत जाताना आरशासारखी दिसली पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर, प्रत्येक सर्व्हिसला, दोन फवारे आणि फडकं. त्याचा त्यांना अभिमान होता. समोरच्या गॅरेजमध्ये असलं काही करत नसत.

"यात सिलिकॉनचं तेल असतं," क्षिप्रा डबा फिरवून वाचत म्हणाली. "या डॅशबोर्डला बारीक दाणे आहेत, त्यात ते मुरतं. वर काहीच धरत नाही."

"म्हणजे मीच."

"लगेच असं नाही म्हणता येणार, सर. डॅशबोर्ड उतरताही आहे. एकोणीस अंश, मी मोजलाय. पलीकडच्या गाड्यांचे जवळजवळ सपाट आहेत."

"उतार कंपनीचा," दिनानाथ म्हणाले. "तेल माझं."

डबा खाली ठेवून ती म्हणाली, "मोजून बघू."

देवावर प्रयोग करायचा नाही, हे तिने आपणहून ठरवलं, आणि दिनानाथांना हायसं वाटलं. तिने नव्वद-नव्वद ग्रॅमचे दोन नट घेतले. दिनानाथांची गाडी शेडबाहेर उन्हात लावली. डाव्या बाजूला पॉलिश तसंच ठेवलं, उजवी बाजू स्पिरिटने तीनदा पुसली, दोन्हीकडे एकाच रिळातली टेप. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता डॅशबोर्डचं तापमान अडुसष्ट अंश होतं आणि डावा नट खाली पायपुसणीवर पडला होता. उजवा होता तिथेच.

पॉलिशचे डबे त्याच संध्याकाळी शेडबाहेर गेले. पाटी दिनानाथांनी स्वतः काढली. मागची भिंत पाटीएवढीच पांढरी निघाली.

यादी पुरी करायला दहा दिवस उरले होते. बावीस चिठ्ठ्यांपैकी तेरा गाड्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या नऊ गाड्यांच्या मालकांना दिनानाथांनी स्वतः फोन केले. तोच तो खुलासा करून घसा बसला. लोक आधी घाबरत, मग हसत.

"एवढ्यासाठी फोन केलात?" सानपाड्याचा बँकवाला म्हणाला.

"तुमचा गणपती आमच्याकडे पाच वर्षं आहे, साहेब. गाडी घेऊन या, बसवून देतो."

तो शनिवारी आला. क्षिप्राने डॅशबोर्ड पुसला, टेप लावली, तीस सेकंद दाबून धरलं. बँकवाला बाजूला उभा होता. "मुलगी तिसरीत होती तेव्हा तिने आणलेला," तो म्हणाला. "पडला तेव्हा रडली होती. मग विषयच निघाला नाही." त्याने गणपतीला बोटाने जरा डावीकडे वळवायचा प्रयत्न केला. वळला नाही.

नऊपैकी आठ जण आले. त्यांना प्रश्न पुन्हा विचारावा की नाही, यावरून क्षिप्राच अडून बसली.

"आपण काहीतरी केल्यावर विचारलं तर ते वेगळं उत्तर झालं, सर. दोन रकाने करावे लागतील."

"त्यांच्या फॉर्मात एकच रकाना आहे, बाई."

"मग खाली टीप लिहू."

"लिही," दिनानाथ म्हणाले. "वाचणार कोण आहे?"

आठांपैकी सहांनी उत्तर बदलून 'होय' सांगितलं. आधी ते सगळे 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' म्हणाले होते.

पावणे गावातही ते पुन्हा जाऊन आले. सुमित्राबाईंनी नवी देवी आणून ठेवली होती. गाडी पुसून, देवी बसवून झाल्यावर त्या पुढच्या सीटवर बसल्या, दार लावून घेतलं, आणि गाडी बंद असतानाच दोन मिनिटं समोर बघत राहिल्या.

"मंग, आता होय लिवू का?" नामांनी बाहेरून विचारलं.

"इतकी घाई नको. पावसाला काढू दे हिला."

क्षिप्राने 'नाही' खोडून 'सांगता येत नाही' लिहिलं.

शेवटच्या दिवशी यादीत एकोणसाठ उत्तरं होती. त्यांत होय सतरा. साठावं नाव मीना दिनानाथ पेडणेकर. दिनानाथांनी ते शेवटाला ठेवलं होतं. आता त्याने काही फरक पडणार नव्हता. तरी त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, कारण सगळ्यांचा तसाच लावला होता.

"मीना, पुढची गाडी पुन्हा हेल्मरच घेशील का?"

"अहो, हे काय विचारणं? जेवलात का?"

"जेवलो. सांग ना."

"खरं सांगू की तुम्हाला पाहिजे ते?"

"खरं."

"नाही," मीना म्हणाली. "एकोणीस वर्षं तुम्ही सकाळी तिच्यात बसून जाता, रात्री तिच्यातून दमून उतरता. मी तिला काय म्हणून ओवाळू?"

दिनानाथांनी फोन ठेवला. क्षिप्राने पेन उचललं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं. एकूण साठ. होय सतरा, नाही सव्वीस, सांगता येत नाही सतरा. खाली तिने दीड पान टीप जोडली: डॅशबोर्डचा उतार, तापमान, पॉलिश, अकरा चौकोन, तेवीस मूर्ती. शेवटचं वाक्य असं होतं की यावरून कारण सिद्ध होत नाही, पण तपासून पाहावं. कचेरीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यात सेंटर बंद करण्याची तारीख होती. टिपेबद्दल काही नव्हतं.

आवरायला तीन आठवडे लागले. लिफ्ट उतरवून ट्रकवर गेल्या. विकल्या गेलेल्या गाड्यांचे तेरा देव आणि न आलेल्या मालकाचा एक शिवरामने गावी न्यायला घेतले. गावात देवळाच्या ओवरीत ठेवतो म्हणाला. चिठ्ठी नसलेला एक गणपती खणात राहिला. तो कोणाचा, कोणालाच आठवेना.

दिनानाथांच्या गाडीतला उजवा नट अजून होता तिथेच होता. टेपला दोरा घालून, करवतीसारखा ओढून क्षिप्राने तो सोडवला. जागा पुन्हा स्पिरिटने पुसली आणि खणात राहिलेला तो गणपती तिथे बसवला. शिसपेन्सिलीने त्याच्या पायाशी एक बारीक रेघ ओढली.

"हे कशाला आता?" दिनानाथ म्हणाले.

"सुरुवातीचं माप पाहिजे, सर."

कुलूप लागायच्या दिवशी ती पुन्हा आली. ब्रेकची जाडी मोजायचा व्हर्नियर अजून ट्रकवर चढला नव्हता. मीना पुढच्या सीटवर बसली होती. दोघांना कुठेतरी लग्नाला जायचं होतं. क्षिप्रा खिडकीतून आत वाकली, मीनाने मान मागे घेतली, दिनानाथांनी टॉर्च धरला.

अठरा दिवस, सर्वाधिक तापमान एकाहत्तर अंश, रेघेपासून सरकलेलं अंतर शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर.