सावकाश पडणारे थेंब

निशिगंधाने यंत्राच्या दोन भुजांमधलं कोळ्याचं जाळं बोटाने काढलं आणि पाण्याच्या टाकीची, भरल्यावर वाहणारी नळी भिंतीकडे वळवून ठेवली. तिचे मार्गदर्शक सबनीस सर यायच्या आत हे उरकायला हवं होतं.

चाकणजवळ कुरुळीत शालनबाईंच्या गच्चीवर त्यांच्या संशोधन संस्थेने हे पावसाचं यंत्र बसवलं होतं. भुजांमधल्या किरणातून थेंब पडला की त्याचा आकार आणि वेग नोंदला जाई. मग तो ढगातला असो की टाकीतला, यंत्राला काय त्याचं! शालनबाई सकाळी मोटार लावून कामाला लागत. टाकी वाहू लागली की गच्चीवर असेल त्याने "भरली!" म्हणून ओरडायचं, ही घरची रीत. तोवर नळीचं पाणी यंत्रावर पडत राही. एरवी निशिगंधा त्या नोंदी निमूटपणे गाळून टाकी. यंदा तिने सगळ्या तशाच सरांकडे पाठवल्या.

कारण गेल्या साली तिच्या राबण्यावर सरांनी शोधनिबंध छापला आणि तिचं नाव आभारातही घातलं नाही. "तुझं वय आहे अजून," म्हणाले होते. ते वाक्य तिला अजून जाळत होतं.

नोंदी पाहून सर हरखले. कारखान्यांच्या धुराने ढगातले थेंब बारीक राहतात, असं जग म्हणतं. चाकणच्या पट्ट्यात मात्र सकाळी टपोरे थेंब पडतात! उद्याच्या परिषदेत ते हे मांडणार होते, आणि ती उठून विचारणार होती, "सर, एवढे टपोरे थेंब इतके सावकाश कसे पडले?" ढगातला मोठा थेंब खाली येईतो चांगला वेग घेतो, टाकीच्या नळीतल्या थेंबाला तेवढी उंचीच मिळत नाही. हावरेपणात सरांनी आकार तेवढा पाहिला होता. भर सभेत त्यांचं तोंड कसं उतरेल, याची ती रोज अंथरुणात उजळणी करी आणि मग तिला गाढ झोप लागे. उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात. निशिगंधाचा उद्याच फिटणार होता.

सर धापा टाकत जिना चढून आले.

"फोटो काढायचेत ना, सर?"

"फोटोंचं राहू दे. उद्या तू बोल. गेल्या वर्षी तुझ्यावर अन्यायच झाला. निबंधावर नावही तुझंच आहे."

"आणि तुमचं?"

"काढलं मी. थेंब सगळे तुझेच."

खाली मोटार घरघरू लागली.

"सर, मला नोंदी एकदा तपासू द्या."

"आता कशाला? परिषदेच्या पुस्तिका छापून वाटूनही झाल्या." सर टाकीपाशी गेले. "घाबरू नकोस. मी पहिल्या रांगेतच असेन. एकच प्रश्न विचारीन, सोपा." त्यांनी दोन बोटांनी नळी अलगद यंत्राकडे वळवली. "एवढे टपोरे थेंब इतके सावकाश कसे पडले?"

टाकी वाहू लागली. निरभ्र आभाळाखाली यंत्रावर थेंब पडू लागले.

"पोरी, भरली का गं टाकी?" खालून शालनबाईंनी हाक दिली. "का न्हाई अजून?"

सर कठड्यावरून वाकले.

"भरली, मावशी," ते म्हणाले. "बंद करा."