एकाहत्तराव्या मिनिटाचा फेटा

फेटा बांधायला चार मिनिटं लागतात.

जिंतूरच्या स्ट्रायकरला डाव्या पायानं काहीच येत नाही.

माझं अक्षर चांगलं आहे.

गोलकीपरचा फोटो पेपरात येतो तो पाठमोरा, जाळीतून चेंडू काढताना.

मुख्य पाहुण्यांना गंगाखेडला लग्नाला जायचं होतं.

लीगच्या पुस्तिकेत एक्केचाळीस नियम आहेत. सत्काराचा एकही नाही.

आता क्रमानं सांगतो. जमेल तेवढं.

आमच्या जिल्ह्याच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा तो दुसरा हंगाम. व्यावसायिक म्हणजे आम्ही स्टँपपेपरवर सह्या केल्या होत्या आणि जर्सीच्या पाठीवर बियाणांच्या एका दुकानाचं नाव होतं. आठ संघ, चौदा सामने. मी पालमचा गोलकीपर, मुंजाजी, वय चौतीस. तेरा सामन्यांत एकतीस गोल खाल्ले. त्यातले अकरा पायांमधून गेले. राणीसावरगावला एकही खाल्ला नाही, कारण तिथं आडव्या दांडीच्या जागी सुतळी बांधली होती आणि उडी मारताना मी ती गुपचूप खाली ओढायचो. तो सामना आम्ही जिंकलो. हंगामात जिंकलेला तेवढाच.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर, जिंतूरशी. बरोबरी झाली तर आम्ही लीगमध्ये राहणार. हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार, आणि खालची लीग अजून कुणी सुरूच केली नव्हती. म्हणजे सरळ घरी.

आमचा कॅप्टन बालाजी सामन्याआधी एवढंच म्हणाला, "मुंजाभाऊ, आज काई करू नका. नुसतं हुबं ऱ्हावा."

सोपं काम होतं.

मिनिट पन्नास. शून्य-शून्य. मी तीन गोल अडवले होते. खरं तर दोन. तिसरा चेंडू माझ्या नाकावर आदळला. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या मंडपात माझी बायको रुख्मिणी उभी राहिलेली मला दिसली. ती एरवी सामन्याला आली की मटार सोलत बसते.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. तीनची वेळ दिलेली, आले सव्वापाचला. व्यासपीठावर एकच धावपळ. निवेदनाला तात्याराव होते. बारसं असो की बैलांचं प्रदर्शन, आमच्याकडं माईक त्यांच्याच हातात. चिठ्ठी आली की वाचायची, एवढंच त्यांचं तत्त्व.

"पाव्हण्यांना पुढं लग्नाला जायचं असल्याकारणानं सत्कार सोहळा आत्ताच उरकून घेतोत!" तात्यारावांचा आवाज भोंग्यातून घुमला. "खेळाडूंनी आपला खेळ चालू ठेवावा!"

खेळ चालू राहिला. आधी सरपंच, मग लीगचे पदाधिकारी, मग मैदानाला चुन्याची फक्की मारणारे. प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा. एकाहत्तराव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. आमचे दहाही जण जिंतूरच्या गोलपुढं गेले. माझ्या अर्ध्या मैदानात मी एकटा.

"आणि आता, पालमचे भूमिपुत्र, चपळ गोलकीपर, श्रीयुत मुंजाजी किशनराव यांना विनंती करतो की त्यांनी व्यासपीठावर यावं!"

मला वाटलं, कॉर्नर आपला आहे. चेंडू इथवर यायला वेळ लागेल. एवढ्यात जाऊन येऊ.

नाही. असं काहीच वाटलं नाही. पाय आपोआप निघाले.

चौतीस वर्षांत मला माईकवरून एकदाच बोलावलं होतं, तेही सायकल आडवी लावली म्हणून.

"ओ मुंजाभाऊ! कुठं चाल्लाव?" बालाजी लांबून ओरडला.

"आलोच!"

"आलोच म्हंजी?"

व्यासपीठ टचलाइनला लागूनच होतं. मी हातमोजे काढून खिशात कोंबले, पाहुण्यांच्या पाया पडलो आणि खुर्चीवर बसलो. फेटा बांधणारे म्हातारबा आले. एक टोक त्यांनी माझ्या दातांत दिलं.

"हलू नगा."

कॉर्नर वाया गेला. जिंतूरच्या स्ट्रायकरला अर्ध्या मैदानावर चेंडू मिळाला. त्यानं मान वर केली, गोलकडं पाहिलं आणि थांबला. त्यानं रेफरीकडं पाहिलं. रेफरीनं त्याच्याकडं पाहिलं. मग तो निघाला. पळालासुद्धा नाही. चेंडू पुढं ढकलत, ढकलत, चालत गेला. मी सगळं पाहत होतो. तोंडात फेट्याचं टोक असल्यामुळं ओरडताही येत नव्हतं.

"हलू नगा म्हणलं की ओ. वाकडा बसंल."

त्यानं चेंडू डाव्या पायानं मारला. तरी गेला.

मी परत आलो तर रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं. न विचारता मैदान सोडलं म्हणून. फेटाही पिवळाच होता. उरलेला वेळ मी तो डोक्यावर ठेवूनच खेळलो. लोकांना वाटलं, काढायला वेळ नव्हता. फेटा एका झटक्यात निघतो. चांगला बसला होता, म्हणून काढला नाही.

सामना शून्य-एक.

बालाजी तात्यारावांवर धावून गेला. "चालू खेळात गोलकीपरला बलावतेत का? काई अक्कल?"

"मी काय करू बाबा?" तात्याराव शर्टाचे खिसे चाचपत होते. "चिठ्ठीत नाव हुतं. चिठ्ठी कुठं गेली की. आलेली चिठ्ठी वाचायची, ह्ये माजं काम."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "नाव पुकारलं. आता पाव्हण्यांचा मान ठिवावा का न्हाई?"

लोकांना पटलं. तात्यारावांकडून माईक काढून घेतला तो आजतागायत. परवा एका बारशाला ते मागच्या रांगेत बसले होते. निवेदक नाव चुकला तेव्हा त्यांचे ओठ नुसते हलले.

घरी रुख्मिणीनं फेटा न उलगडता कपाटावर ठेवला.

"छान दिसायलाव ह्याच्यात," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या हितंच. आता खेळायला कुठं जायचंय?"

सामन्याच्या दिवशी सकाळी साडेनऊला, संघाच्या खोलीत, सत्काराची यादी चिठ्ठीवर नीट अक्षरात उतरवून द्यायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा तिच्यात पाच नावं होती. सहावं मी लिहिलं.