ड्राय बाल्कनीतली बास गिटार

उद्धवरावांचं जग आता चार फूट रुंद आणि सहा फूट लांब होतं. मोशीच्या नव्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर त्यांच्या मुलाचा, सुजितचा, फ्लॅट. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्यासाठी ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन, दोन बादल्या, वाळत घातलेले टॉवेल आणि वरपासून खालपर्यंत लोखंडी ग्रिल. मशीनच्या झाकणावर जाड फळी टाकली की उद्धवरावांचं कामाचं टेबल तयार.

चौतीस वर्षं भोसरीच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा झाला की आधी तसाच्या तसा भाग लाकडात करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घ्यावा लागतो. ते लाकडाचं काम उद्धवरावांचं. शिवाय दर वर्षी आयटीआयची नवी पोरं यायची, त्यांना हाताशी धरून शिकवायचं. रंधा कसा धरायचा हे ते एकाच मुलाला पन्नास वेळा सांगत आणि एकावन्नाव्या वेळीही आवाज चढत नसे.

निवृत्तीनंतरचा बेत ठरलेला होता. मोशीचेच कोंडीराम त्याच फाउंड्रीत साचे भरायचे. जमीन विकून त्यांच्याकडे उरलेल्या दोन गुंठ्यांत पत्र्याची शेड होती. दोघांनी मिळून तिथे लाकूडकाम करायचं, असं चालू नोकरीतच ठरलं होतं. पण फेब्रुवारीत उद्धवरावांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात तीन आठवडे लुळा पडला, मग हळूहळू पहिल्यासारखा झाला. निदान ते तसं म्हणत. डॉक्टर म्हणाले, फिरा, हात चालता ठेवा, पण घरच्यांनी लक्ष ठेवावं, कधी कधी अशा माणसाला विसरायला होतं.

सुजितने यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. स्कूटरची चावी त्याच्या कपाटात गेली. खालच्या वॉचमनला सांगून ठेवलं, अण्णा एकटे दिसले की मला फोन. एकदा उद्धवराव नुसते गेटपर्यंत गेले. वॉचमनने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली आणि फोन लावला. पाच मिनिटांत चाकणच्या कंपनीतून, शिफ्ट चालू असताना, सुजितचा आवाज कानात. पोराला रडू आवरत नव्हतं. त्याला कसं रागवायचं? उद्धवराव लिफ्टने वर आले. वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. प्रेमाने कुलूप लावणाऱ्याशी काय भांडायचं?

अशात समोरच्या फ्लॅटमधली सोनल एके दिवशी दारात उभी राहिली. सव्वीस वर्षांची. आकुर्डीला कॉलेजात असताना बँडमध्ये बास गिटार वाजवायची, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. पुढे नोकरीत प्रेसमध्ये डाव्या हाताचं बोट सापडलं. बोट वाचलं, पण सांधा आखडला. कंपनीने तिला लाइनवरून काढून मापं तपासायच्या विभागात बसवलं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. दुकानातल्या बासची मान, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, तिच्या हाताला रुंद पडायची आणि बोट लांब पोचायचं नाही.

"काका, तुम्ही लाकडात काहीही करता म्हणे," ती म्हणाली. "मला माझ्या हाताची बास करून द्याल?"

सुजित तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, अण्णांना त्रास नको. उद्धवराव म्हणाले, त्रास मला बसून राहण्याचा होतो. त्यावर बाप-लेकात बराच वाद झाला, आणि शेवटी सुजितने अट घातली. घरातच, बाल्कनीत करायची. बास नीट वाजली तर अण्णांचा हात आणि डोकं दोन्ही ठिकाणावर आहे असं तो मानेल, आणि मग खुशाल जावं कोंडीरामकाकांच्या शेडमध्ये. नाही वाजली तर शेडचं नाव काढायचं नाही आणि हत्यारंही कुणाला तरी देऊन टाकायची.

"कबूल," उद्धवराव म्हणाले.

दोन महिने काम चाललं. सोसायटीचा नियम असा की ठोकठोक करायची ती दहा ते एक आणि चार ते सहा. सूनबाई विजयश्री कपडे एकनंतर धुवायची. ग्रिलमधून समोरच्या इमारतीचं ग्रिल दिसे, आणि त्यातून कधी कधी एक म्हातारे गृहस्थ यांच्याकडे बघत उभे असत. दोघांनी कधी हात केला नाही. पिंजऱ्यातल्या पोपटांनी एकमेकांना काय विचारायचं?

अंग शिवणीच्या लाकडाचं केलं, हलकं आणि सुरेल. मान सागाच्या तीन पट्ट्या चिकटवून, आत स्टीलची सळई घालून. मानेवर शिसवाची पातळ फळी, आणि तिच्यावर आडव्या ठोकायच्या धातूच्या बारीक तारा, त्यांना फ्रेट म्हणतात. फ्रेट वरच्या टोकाला लांब लांब असतात आणि खाली येताना जवळ जवळ येतात. तार जितकी आखूड, तितका पुढचा सूर जवळ. हे गणित सोनलने कागदावर छापून आणलं होतं. तारेची एकूण लांबी सातशे बासष्ट मिलिमीटर, पहिला फ्रेट इथे, दुसरा तिथे. उद्धवरावांनी चष्मा लावला, खिशातली स्टीलची स्केल काढली आणि एकेक रेघ ओढली. हात जराही हलला नाही. प्रत्येक रेघेनंतर ते मनात म्हणत, बघ सुजित.

सोनल रविवारी यायची आणि त्या अरुंद जागेत दारात उभी राहून बघायची. तारा जिथे खाली अडकतात त्या ब्रिजची जागा ठरवायला तिनेच टेप धरला, कंपनीतून तपासून आणलेला. सातशे बासष्टवर खूण केली. भोकं पाडली, ब्रिज बसला.

गुरुवारी संध्याकाळी तारा चढवल्या. सोनलने मोबाइल समोर ठेवला, त्यावर सूर बरोबर की चूक ते दिसतं. मोकळ्या चारही तारा बरोबर लागल्या. मग ती फ्रेटवर बोट ठेवत खाली सरकू लागली. पहिला सूर ठीक. तिसरा किंचित चढा. पाचवा आणखी. बाराव्या फ्रेटला तर नुसत्या कानालाही कळत होतं. ब्रिजवरचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवले, तरी पुरेना.

"होईल ठीक," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता.

सुजित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने पुढे येऊन वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने उद्धवराव जितके खचले तितके टोमण्याने खचले नसते.

शुक्रवारी दहा वाजता त्यांनी बाल्कनीचं दार आतून ओढून घेतलं. बास फळीवर आडवी. ते उजव्या हाताकडे बघत बसले. म्हणजे हात हललाच होता की काय? आपल्याला कळलंही नाही? मग त्यांना आपलंच जुनं वाक्य आठवलं, जे त्यांनी दर वर्षी नव्या पोरांना सांगितलं होतं. चूक सापडली की घाबरायचं नाही, तिला विचारायचं, तू एकदाच झालीस की प्रत्येक वेळी? हात हलला तर एक रेघ इकडे जाईल, दुसरी तिकडे. इथे तर सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत बेताबेताने चढत गेला होता. शिस्तीत. अशी शिस्तीची चूक हाताची नसते, मापाची असते.

त्यांनी शाळेत गेलेल्या नातवाच्या टेबलावरची प्लॅस्टिकची फूटपट्टी आणली आणि आपल्या स्टीलच्या स्केलशेजारी ठेवली. फूटपट्टीवर तीस सेंटिमीटर संपले तेव्हा त्यांच्या स्केलवर तीसला अजून तीन मिलिमीटर बाकी होते.

वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, शंभराला साधारण एक. म्हणून लाकडाचा नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्न मेकरची स्केलच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित ताणलेला असतो. चौतीस वर्षं उद्धवरावांनी तीच स्केल वापरली. साधी स्केल त्यांच्या खिशात कधी नव्हतीच. फ्रेट त्या स्केलने आखले आणि ब्रिज सोनलच्या टेपने बसवला. बास लाकडाची होती. ती कुठे ओतायची होती, कुठे थंड व्हायची होती?

त्यांना हसू आलं. हात शाबूत होता. मग हसू तोंडातच राहिलं. हात शाबूत, पण दोन महिने रोज स्केल हातात घेऊन ही गोष्ट डोक्यात आली नाही. हेच तर डॉक्टर म्हणाले होते. हात हलला म्हणावं तरी दार बंद, विसरलो म्हणावं तरी दार बंद.

उपाय मात्र सोपा होता. फ्रेट सगळे एकाच मापात होते, फक्त मोठ्या मापात. ब्रिजही त्याच मापात नेला, साडेसात मिलिमीटर मागे, की जमलं. शुक्रवारी त्यांनी जुनी भोकं सागाच्या खुंट्या चिकटवून बुजवली. शनिवारी नवी पाडली, ब्रिज बसवला. खुंट्यांची टोकं ब्रिजच्या पत्र्याखाली झाकली गेली. कुणाला दिसण्यासारखं काहीच उरलं नाही.

रविवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले. सोनलने बास खांद्याला अडकवली आणि तिची वायर आपल्या छोट्या स्पीकरला जोडली. मोकळ्या तारा, पाचवा फ्रेट, बारावा, सगळं जागच्या जागी. तिचं आखडलेलं बोट त्या निमुळत्या मानेवर सहज पोचत होतं. मग ती वाजवू लागली. खालचा, घुमणारा, पोटात उतरणारा सूर, आणि विजयश्री हातातली पोळी तव्यावर विसरून बाहेर आली.

सुजितचे डोळे भरले. "जिंकलात अण्णा," तो म्हणाला. "उद्या चावी देतो. कोंडीरामकाकांना कळवा."

उद्धवरावांना छातीत गार वारा शिरल्यासारखं वाटलं. शेडचा पत्रा, बाहेरची बाभूळ, मोकळं आभाळ, सगळं एका क्षणात दिसलं.

"पण काका, गुरुवारी काय झालं होतं?" सोनलने विचारलं.

"ब्रिज थोडा मागे घेतला," ते म्हणाले. तेवढं खरंच होतं.

सोनल हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझंच माप चुकलं. टेप मीच धरला होता." तिने आखडलेलं बोट दुसऱ्या हाताने चोळलं. "कंपनीतही सर म्हणतात, तुझी नजर बसली नाही अजून. बरोबरच म्हणत असतील."

उद्धवरावांनी सुजितकडे बघितलं. तो अजून हसत होता. काहीही न बोलता नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. पण या पोरीने उद्या हातात टेप घेतला की तिचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नसेल. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला त्यांनी दुसऱ्याची चूक उचलू दिली नव्हती.

"तुझं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "केसभरही चुकलं नव्हतं. चूक माझी." आणि त्यांनी आतून स्केल आणि फूटपट्टी आणली, दोन्ही शेजारी ठेवून सगळं समजावून सांगितलं, लोखंड का आक्रसतं इथपासून. सोनल वाकून बघत होती. तिने स्वतः दोन्ही पट्ट्या धरून तो तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी पाहिला, तेव्हा तिचा खांदा सैल पडला. तिच्या बासची तार मागितल्यापेक्षा किंचित लांब झाली आहे, हेही त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, बोट पोचतंय, मग मला काय.

सुजितचं हसू मावळलं होतं.

"म्हणजे दोन महिने तुमच्या लक्षातच आलं नाही?"

"नाही आलं."

"शेडमध्ये कटर असतो अण्णा. तिथे असंच काही लक्षात आलं नाही तर?"

सवय आणि विसर यातला फरक त्यांना सांगता आला असता, पण त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे." बास वाजली होती, त्यामुळे हत्यारं राहिली. शेड गेली. सोनल जाताना त्यांच्या पाया पडली, आणि समोरचं दार बंद झाल्यावरही भिंतीतून तो खालचा सूर बराच वेळ येत राहिला.

दुपारी त्यांनी कोंडीरामांना फोन लावला. जमणार नाही, एवढंच सांगितलं. का, ते कोंडीरामांनी सगळं काढून घेतलं आणि स्केलचं ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आरं मिस्त्री, माझ्या पोरीच्या लग्नात मांडव तूच आखला व्हतास. तरीच मांडव रस्त्यावर आला व्हता."

"हस लेका."

"आता काय करनार?"

"काय करणार. बसणार घरात."

सोमवारी दहाला बेल वाजली. दारात कोंडीराम, डोक्याला टॉवेल, काखेत शिवणीचा लांब ओंडका. वॉचमनने त्यांना अर्धा तास बसवून घेतलं होतं, सुजितला विचारल्याशिवाय सोडत नव्हता. विजयश्रीने पाणी दिलं. उद्धवराव त्यांना बाल्कनीत घेऊन गेले. दोघं एकदम आत मावेनात. कोंडीराम आधी शिरले, बादली पालथी घालून तिच्यावर बसले. मग उद्धवराव आडवे होऊन आले. कोंडीरामचे गुडघे मशीनला टेकले होते, पाठ ग्रिलला.

"लई अरुंद हाय राव," कोंडीराम म्हणाले. "हितं माणूस दोन म्हैनं कसा ऱ्हातो?"

"राहतो," उद्धवराव म्हणाले. त्यांनी ओंडका फळीवर ठेवला आणि रंधा उचलला. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. एक वाजेपर्यंत वेळ होता.

"दार लावू का? भुसा घरात जाईल," विजयश्रीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"लाव," उद्धवराव म्हणाले.