वर्षभर बांधलेल्या कात्र्या

चर्चच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि एकाचेही केस वर्षभर कापलेले नव्हते. सरपंचांच्या मिशा तर रोज सूपमध्ये बुडायच्या. कारण गावातल्या सगळ्या कात्र्या लाल दोऱ्यानं बांधून मांत्रिक गेन्चोच्या पेटीत पडल्या होत्या.

नोव्हेंबरात, लांडग्यांच्या दिवसांत, आमच्या बायका कात्री उघडत नाहीत. कात्री मिटलेली असली की लांडग्याचा जबडाही मिटतो म्हणे. गेन्चोनं हे चार दिवसांचं व्रत वर्षभर ताणलं. लांडगे खरंच दिसेनासे झाले. मग हरणं आली आणि त्सोन्का मावशीची प्लमची रोपं बुडख्यापर्यंत फस्त झाली. आता कात्र्या सोडायच्या, म्हणजे लांडगे परततील. दक्षिणा एकच : मावशीची दुभती शेळी, बेल्का.

"मावशी, शेळी देऊ नकोस," मी म्हणाले.

"तुझं काय जातंय? रोपं माझी गेलीत!"

गेन्चोनं लाल रुमालानं घाम पुसला आणि नमुन्यादाखल एक कात्री सोडली. "हे करड्या राया, रानाच्या पाटला! जबडा मोकळा केला, पोच दे!"

"ऊऊऊ!" टेकडीवरून आवाज आला. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पुन्हा रुमाल, पुन्हा कात्री, पुन्हा "ऊऊऊ!"

या थंडीत ह्याला घाम कसला? मी भिंतीवर चढले आणि माझ्या लाल स्कार्फनं कपाळ पुसलं.

"ऊऊऊ!"

"अरे, तिसरी कात्री अजून बांधलेलीच आहे!" सरपंच ओरडले.

मी पुन्हा पुसलं. "ऊऊऊ... हिक्!"

"हिक्?" गेन्चोची बहीण स्तानिमिरा ताडकन उठली. "हा तर माझा नवरा! राकिया ढोसली की अस्साच उचकतो!"

गवताच्या गंजीमागे तिचा पेन्यू सापडला, झाडांना पाणी घालायची झारी कर्ण्यासारखी तोंडाला लावून.

"लांडगा अंगात आलाय त्याच्या," गेन्चो पुटपुटला.

"थांब दादा, उतरवते!" म्हणत स्तानिमिरानं झाडू उचलला.

"मग लांडगे गेले कसे गं?" मावशीनं मला विचारलं.

"कात्र्या बांधायच्या आधीच शिकाऱ्यांनी कळप मारला होता, मावशी. लांडगा काही हरणं खातो. उरलेली धास्तीनं एका जागी फार वेळ चरत नाहीत. धास्ती गेली, पाडसं वाचली आणि तुझ्या बागेत पंगत बसली. आता ओढ्याकाठी लांडग्यांची नवी पावलं उमटलीत. ती गेन्चोनंही पाहिलीत, म्हणून तर आजचा मुहूर्त! तू रोपांना जाळी लाव, मेंढ्यांपाशी कुत्री ठेव. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो त्याच्याविनाही घडतो का, एवढं तरी बघत जा."

मावशीनं बेल्काची दोरी हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं बांधलेल्या कात्रीचा दोरा सोडला. सगळ्यांनी श्वास रोखला. टेकडी गप्प.

"कापा हो लवकर," सरपंच मिशा पुढे करत म्हणाले, "घरी सूप निवतंय."