बुंध्याभोवतीची माती

दादा माझा सख्खा भाऊ. फूटपाथचा ठेकेदार तो, मी त्याची मिस्त्री. नाती घरी, काँक्रीट रस्त्यावर, असं तोच म्हणतो.

त्या सकाळी मी फूटपाथवरच्या एका झाडाभोवती मातीचा चौकोन मोकळा ठेवून फळ्या ठोकल्या होत्या. दादा आला आणि त्याने लाथ मारून त्या उडवल्या.

"बुंध्यापर्यंत भरायचं. चौकोनात कचरा साचतो, लोक माझ्या नावाने बोंबलतात."

"मागच्या रस्त्यावर बुंध्यापर्यंतच भरलंस ना? मुळांना पाण्याचा थेंब मिळाला नाही, सगळी झाडं वाळली. वर ती तोडायचं कामही तुलाच मिळालं. वा रे वा!"

"तोंड आवर. गाडी आलीय."

काँक्रीटची गाडी ड्रम गरगरवत रिव्हर्स येत होती. माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन बुंध्याला पाठ टेकून उभी राहिले.

"ताई, बाजूला व्हा ना," ड्रायव्हर काकुळतीला आला. "माल बसेल."

ते मला ठाऊक होतं, दादालाही. तयार माल कोणासाठी थांबत नाही. ड्रममध्ये घट्ट झाला की आत उतरून छिन्नीने फोडत बसा. मला फक्त त्या मालापेक्षा जास्त वेळ तग धरायचा होता.

दादाने आधी दटावलं, मग आईची शपथ घातली. शेवटी म्हणाला, "अगं, एका झाडापायी भावाचं वाटोळं करतेस?"

ते मात्र लागलं मला. डोळे भरून आले. तरी हलले नाही.

"ओत रे!" तो ड्रायव्हरवर खेकसला.

ड्रायव्हरने कानाला हात लावले. तेव्हा दादाने स्वतःच गाडीची पन्हळ माझ्याकडे वळवली आणि माल सोडायचा दांडा ओढला. थंडगार लगदा बुटांवर पडला, घोट्यापर्यंत चढला, तसा त्याने दांडा मागे ढकलला.

"थांबलास का? ओत की," मी म्हटलं. "मला धरूनच सपाट कर."

दादाने दांडा सोडला. उरलेला माल रस्त्याच्या पुढच्या टोकाला रिकामा करायला ड्रायव्हरने गाडी पिटाळली. मी पाय उपसले, फावडं घेतलं आणि मुळांवरचा लगदा ओढायला लागले.

"उद्यापासून कामावर यायचं नाहीस," दादा म्हणाला.

"कामावर नाही येणार," मी म्हटलं. "इथे येणार."