जिन्यावरचा प्लॅटिपस

संग्रहालयाच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि मी भिंत खालून वरपर्यंत पाहिली. भिंतीवर तळाशी मासा, मग बेडूक, सरडा, जिन्याच्या वळणावर चोचीचा, अंडी घालूनही पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस, पुढे मांजर, माकड आणि सगळ्यात वर छाती काढून उभा असलेला माणूस. प्लॅटिपसच्या पायाशी ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक' आणि पुढे माझं नाव.

मी प्राण्यांच्या नात्यांचं झाड काढून दिलं होतं. फांद्याफांद्यांचं. निवृत्तीनंतर मी प्लॅटिपस या एकाच प्राण्याच्या मागे लागलो आहे. कागदावर मी बरा असतो. चार माणसांत जीभ टाळ्याला चिकटते.

"पेंटरदादा, झाड कुठं गेलं?" मी शिडीवरच्या पेंटरला विचारलं.

"जिन्यात झाड कुठं मावतंय, काका? फांद्या सरळ केल्या." तो शिडीवरून उतरला नाही. "चोच बघा. अस्सल बदक!"

"ती बदकाची नाहीच हो. मऊ कातडीची असते. पाण्यातल्या किड्यांची वीज त्याला तिच्यात जाणवते." एवढं बोलूनच मला धाप लागली. "आणि हा आपला पणजोबा नाही. चुलतभाऊ आहे. डायनासोरांच्या काळातच आपली घरं वेगळी झाली. अंडी घालायची जुनी रीत त्यांनी ठेवली, आपण सोडली."

"म्हणजे भाऊबंदकी!" पेंटर हसला. "तरीच तोंड पाडून उभाय."

तेवढ्यात संचालिकाबाई आल्या. संध्याकाळी उद्घाटन होतं, त्यांच्या हातातला फोन सारखा वाजत होता. "सर, आता काय राहिलं?"

"बाई, हा सरडा आणि मांजर यांच्यामधला अर्धवट प्राणी नाही. तोही आजच जगतोय. त्याची जागा वर, माणसाच्या शेजारी आहे."

"माणसाच्या शेजारी? पाहुणे हसतील, सर."

"आणि काका," शिडीवरून आवाज आला, "मासा-बेडूकही आजच जगतायत की. सगळ्यांना वर घेतलं तर खालच्या पायऱ्यांवर काय, मी बसू?"

त्याचं बरोबर होतं. खाली कोण, हे मला ठाऊक होतं, पण त्यांचा चेहरा कोणीच पाहिलेला नाही. "खाली मेलेले पूर्वज," मी कसंबसं म्हणालो. "त्यांचे तुटके जबडे सापडलेत. थोडे दात. प्लॅटिपसच्या त्या पूर्वजांना पक्के दात होते. आता त्याच्या पिल्लांना येतात आणि पडून जातात. तेच दाखवू या ना. दात."

"दात बघायला तिकीट काढून कोण येणार?" बाई समजुतीनं म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "लोकांना पायऱ्या कळतात, सर. झाड नाही कळत."

"मग माझं नाव काढा."

हे मीच बोललो, हे मला क्षणभरानं कळलं. बाई "नक्की?" म्हणाल्या, पण लगेच पेंटरकडे वळून त्यांनी मान हलवलीसुद्धा. पेंटरनं नावावर हिरवा रंग फिरवला आणि हात लागलाच आहे म्हणून तिथं गवत काढलं. पाण्यातला प्राणी गवतात उभा राहिला. मी जिना उतरून घरी निघालो.

घरी आक्का कपडे बदलून, पिशवी काखेला मारून उद्घाटनाला निघायला तयारच होती. ती माझी थोरली बहीण; भिंतीवर भावाचं नाव लागणार, हे तिनं आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं होतं.

"लागलं का रे नाव?"

"नाही."

तिनं पिशवी खाली ठेवली. "वाटलंच मला. लहानपणापासून बघतेय. तोंड उघडून चार शब्द बोलला असतास, तर आज ही वेळ आली असती का?"

मी चपला काढत राहिलो. मोजून चार शब्द बोलूनच नाव घालवलं होतं, ते तिला सांगायला तोंड उघडेना.