उलटा बाण

दीपमालानं कागदावर एक बाण उलटा काढला, आणि त्या बाणामागं तिचा बाप मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागला.

वडूजकडच्या धनगर वस्त्यांवर लोकांच्या किडन्या का निकामी होतात, यावर ती पुण्यात संशोधन करत होती. घरी बसणाऱ्यांत आजार ढीगभर, मेंढरांमागं चालणाऱ्यांत जवळजवळ नाहीच. झालं! बाईसाहेबांनी मोठ्या हौसेनं 'चालणं'पासून 'निरोगी किडनी'कडं बाण ओढला आणि दिवाळीत बापाला, धुळाला, वाचूनही दाखवला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या धुळानं दवाखान्याची वाट सोडली आणि काठी उचलली.

तो निघाल्याच्या आठव्या दिवशी माणसांच्या याद्या तपासताना तिला आपली चूक दिसली. घरी बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आजारी पडल्यावरच घरी बसला होता. त्याआधी तोही मेंढरांमागंच होता. बापाचा फोन बंद. मिळेल ती गाडी भाड्यानं करून ती निघाली. वाटभर एकच धावा करत होती, देवा, माझी अक्कल ने, पण आबांना ठेव.

मेंढरांच्या दरवर्षीच्या वाटेवर, उंब्रजच्या पुढं कापणी झालेल्या रानात मेंढरं बसली होती. आई, रंगुबाई, चुलीपाशी रडत होती. "रात्रीपासनं धाप लागलीया. दवाखान्याचं नाव काढू देत न्हाईत."

धुळा घोंगडीवर टेकून बसला होता. पाय खांबासारखे सुजले होते. तिनं बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला.

"आबा, माजं चुकलं! चालून मानसं धड ऱ्हात न्हाईत, धड हाईत म्हणून चालत्यात. आजारी हुती ती घरी ऱ्हायली."

धुळानं कष्टानं श्वास घेतला. "त्ये मला ठावं व्हतं गं. आजाऱ्याला मेंढरामागं कोन न्हेतंय? पर तू शिकलेली. म्हनलं, माजंच चुकत आसंल."

चारशे माणसांना तिनं छपन्न-छपन्न प्रश्न विचारले होते. जन्मभर मेंढरं राखलेल्या बापाला एकही विचारला नव्हता. ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली, मग भानावर येऊन आईला हाक मारली. दोघींनी त्याला काखेत धरलं.

"सोडा," धुळा म्हणाला. "गाडीपातूर चालतो की मी."

त्यानं काठी रोवली, पण पाय काही उचलला नाही.